वन्यजीव बचाव केंद्राला भेट आणि मदत: पुणेकरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रांना मदत करावी असे मनापासून वाटणारे लोक पुण्यात कमी नाहीत. तरीही त्यांच्या मदतीचा मोठा भाग केंद्राच्या उपयोगी पडत नाही, कारण ती न विचारता, अवेळी किंवा भलत्याच स्वरूपात पोहोचते. रविवारी सकाळी न कळवता एखादे कुटुंब फाटकाशी येऊन उभे राहते, मुलांना घुबड पाहायचे असते, गाडीत बिस्किटांचे पुडे आणि जुने स्वेटर असतात. त्यांना समजावून परत पाठवण्यासाठी जो स्वयंसेवक बाहेर येतो, तो बहुधा पिलांना भरवण्याचे काम अर्धवट टाकून आलेला असतो.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत. जखमी प्राणी आत्ताच समोर असेल, तर बाकीचे बाजूला ठेवून थेट पाचवा टप्पा वाचावा.

## टप्पा १: केंद्र नेमके कोणते आणि कोणाच्या परवानगीने चालते, हे पाहणे

पहिला गोंधळ इथेच होतो. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय महापालिकेचे आहे आणि ते लोकांनी प्राणी पाहावेत यासाठीच आहे. बुधवार सोडून ठरलेल्या वेळेत तिकीट काढून कोणीही तिथे जाऊ शकतो. बावधनचे वन्यप्राणी उपचार केंद्र वनविभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांच्या सहकार्याने चालते आणि तिथला प्रत्येक प्राणी हा रुग्ण असतो. जुन्नर तालुक्यातील माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र वनविभागाचे आहे आणि तेही सहलीचे ठिकाण नाही. भटक्या कुत्र्यामांजरांसाठी काम करणाऱ्या संस्था या सर्वांहून वेगळ्या आहेत, त्यामुळे तिथे चालणाऱ्या पद्धती इथे चालतील असे गृहीत धरू नये.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडील संरक्षित वन्यप्राणी परवानगीशिवाय पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. साधा पोपटही त्याला अपवाद नाही. म्हणून हेतू कितीही चांगला असला, तरी वनविभागाला अंधारात ठेवून चालणारे केंद्र मदतीस पात्र ठरत नाही. वनविभागाशी लेखी समन्वय आहे का, उपचार पशुवैद्यक करतात का, संस्थेची धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी आहे का आणि बरे झालेले प्राणी पुन्हा निसर्गात सोडले जातात का, हे चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. व्यवस्थित चालणाऱ्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

इशारा: पाहुण्यांच्या हातात प्राणी देऊन फोटो काढू देणारी, सापांचे खेळ दाखवणारी किंवा खारीचे पिल्लू "सांभाळायला" घरी देणारी जागा बचाव केंद्र नव्हे. असे काही दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

## टप्पा २: आधी संपर्क, मगच भेट

बहुतेक संस्थांचे दोन क्रमांक असतात, एक आणीबाणीचा आणि दुसरा कार्यालयाचा. भेटीची विचारणा आणीबाणीच्या क्रमांकावर करू नये. "तुमच्याकडे सध्या कोणते प्राणी आहेत?" हे विचारणारा फोन चालू असताना त्याच ओळीवर मांज्यात अडकलेल्या घारीसाठी कोणीतरी प्रयत्न करत असू शकतो. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लेखी विचारणा करणे सर्वांत बरे, कारण स्वयंसेवक फुरसतीने उत्तर देऊ शकतात.

त्या संदेशात पाच गोष्टी एकदमच लिहाव्यात: येणाऱ्यांची संख्या, मुले असल्यास त्यांची वये, भेटीचा हेतू, सोयीचे दोन-तीन दिवस आणि आपण काय देऊ शकतो. हेतू प्रामाणिकपणे लिहावा. मुलांना प्राणी पाहायचे आहेत एवढेच असेल तर केंद्र नम्रपणे नकार देईल, आणि तो योग्यच असेल. त्यासाठी कात्रज आहे. वस्तू द्यायच्या आहेत, काम समजून घ्यायचे आहे, सोसायटीत माहितीसत्र ठेवायचे आहे असे काही असेल, तर निश्चित उत्तर मिळते.

काळवेळही पाहावी. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे मांज्याने कापलेले पक्षी येत असतात. मार्चपासून जूनपर्यंत पिलांचा हंगाम असतो. त्यात उन्हाने कोसळलेल्या पक्ष्यांची भर पडते आणि काही पिलांना दिवसभर थोड्या थोड्या वेळाने भरवावे लागते. या दिवसांत हातांची गरज सर्वाधिक असते, पण नवख्या पाहुण्यांकडे लक्ष द्यायला कोणालाही वेळ नसतो. ज्यांना केवळ भेट द्यायची आहे त्यांनी हे महिने टाळावेत.

तपासा: लेखी होकार, दिवस, वेळ आणि नेमके कुठे यायचे हे हाती आले का? तोपर्यंत कोणतीही खरेदी करू नये.

## टप्पा ३: वस्तू द्यायच्या त्या यादी मागवूनच

दानाच्या वस्तूंबाबत होणाऱ्या चुका सर्वाधिक आहेत, म्हणून हा टप्पा सविस्तर देत आहे. केंद्राची गरज दर महिन्याला बदलते. जागा मात्र तेवढीच राहते, त्यामुळे नको असलेली वस्तू ठेवायची कुठे हा प्रश्न ती नाकारण्याच्या संकोचाहून मोठा होतो. "सध्या सर्वांत निकडीच्या तीन वस्तू कोणत्या, आणि कोणत्या अजिबात नकोत?" असे विचारावे. प्रश्नाचा दुसरा भाग अनेकजण विसरतात, आणि नेमकी तीच माहिती अधिक उपयोगी असते.

कपड्यांपासून सुरुवात करू. जुन्या सुती चादरी, धोतरे, सुती साड्या, टी-शर्ट आणि उशांचे अभ्रे यांचा सतत उपयोग होतो. ते धुतलेले असावेत, पण सुवासिक कंडिशनर वापरू नये. बटणे, चेन, नाडी, हुक आणि जरीचे काठ घरीच काढून टाकावेत. आंघोळीचे टॉवेल देण्याआधी विचारावे, कारण त्यांच्या धाग्यांच्या फासांत पक्ष्यांची नखे अडकतात आणि सुटण्याच्या धडपडीत पाय मोडू शकतो. उसवलेल्या विणीचे स्वेटर याच कारणाने नकोत. वर्तमानपत्रांची रद्दी बहुतेक ठिकाणी हवी असते, मात्र ती कोरडी आणि नीट घड्या केलेली असावी. गुळगुळीत पानांची मासिके ओलावा शोषत नाहीत.

औषधोपचाराच्या सामानात सुई नसलेल्या सिरिंज, निर्जंतुक गॉझ, नायट्राइल हातमोजे, सलाइन, वजनकाटा, उबेसाठी हीटिंग पॅड यांची मागणी नेहमी असते. माप विचारून घ्यावे. चिमणीएवढ्या पिलाला लागणारी १ मिलिलिटरची सिरिंज आणि माकडासाठी लागणारी २० मिलिलिटरची सिरिंज एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. घरातली उरलेली, मुदत संपत आलेली औषधे पिशवीत भरून नेऊ नयेत. आपल्या घरात सर्रास असणारे पॅरासिटामॉल मांजरकुळातील प्राण्यांना विषारी ठरते, त्यामुळे ओळख न पटणारी अशी पिशवी केंद्रासाठी धोकाच असते.

खाद्यपदार्थांचा नियम साधा आहे: पाव, बिस्किटे, शिजवलेला भात, पोळ्या, फरसाण आणि दूध नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचवता येत नाही आणि वन्य सस्तन प्राण्यांच्या पिलांना गाईच्या दुधाने जुलाब होऊन शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. फळे हवी असतील तर पपई, केळी, पेरू, चिकू अशी वटवाघळांना आणि माकडांना चालणारी फळे केंद्र सांगेल. मार्केट यार्डातून पेटीच्या पेटी आणण्यापूर्वी केंद्राच्या फ्रिजमध्ये जागा किती आहे हे विचारावे. एकदम २० किलो देण्याऐवजी महिनाभर दर आठवड्याला ५ किलो दिलेले फळ प्राण्यांच्या पोटात जाते. एकदम आलेल्यातले बरेच कुजते.

सामान्य चूक: सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर "जे असेल ते आणा" असे आवाहन करणे. त्याऐवजी केंद्राने पाठवलेली यादी शब्दशः टाकावी, जमा करण्याची अंतिम तारीख द्यावी आणि दोन व्यक्तींनी वस्तू निवडून, बांधून, त्यावर नावे लिहूनच पाठवाव्यात. निवडीचे काम सोसायटीत झाले तर ते केंद्रातल्या स्वयंसेवकांच्या माथी पडत नाही.

## टप्पा ४: भेटीच्या दिवशी

सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर भेट पुढे ढकलावी. माणसाचे श्वसनाचे आजार माकडांना होतात आणि आधीच अशक्त झालेला प्राणी ते झेपवू शकत नाही. घरी कुत्रा, मांजर, कोंबड्या किंवा पाळीव पक्षी असतील तर धुतलेले स्वतंत्र कपडे आणि पुसलेली पादत्राणे वापरावीत. बंद बूट, पूर्ण लांबीची पँट आणि मातकट रंगाचा साधा सदरा योग्य. अत्तर, लोंबते दागिने आणि गॉगल नकोत.

आत गेल्यावर हात धुण्यापासून ते कोणत्या रेषेपुढे जायचे नाही इथपर्यंत जे सांगितले जाईल ते प्रश्न न करता पाळावे, आणि कारणे शेवटी विचारावीत. वन्यप्राण्याच्या दृष्टीने माणूस हा शिकारी आहे. ससा किंवा चिंकारा यांसारखे प्राणी भीतीने इतके ताणले जातात की त्यांच्या स्नायूंची हानी होते आणि जखम बरी होत असतानाही ते दगावतात. शांत बसलेला प्राणी "माणसाळला" आहे असे समजू नये. पुष्कळदा तो भीतीने गोठलेला असतो. पिलांच्या बाबतीत धोका उलटा आहे. ती माणसाच्या आवाजाला आणि चेहऱ्याला सरावली, तर सुटल्यावर माणसांकडेच येतात आणि मार खातात. म्हणून पिंजऱ्याजवळ बोलू नये, शीळ घालू नये, माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये.

याचा अर्थ असा की तुम्हाला प्राणी दिसणार नाहीत किंवा फारच थोडे, तेही दुरून किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतील. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगावे. स्वयंपाकघर, भरवण्याचे वेळापत्रक, उपचारकक्षातली यंत्रे, पंख मोडलेल्या पक्ष्याला पुन्हा उडण्याचा सराव देणारा मोठा पिंजरा हे पाहण्यासारखे असते, आणि समजावून सांगणारा माणूस असेल तर मुले त्यात पुरती रमतात.

इशारा: परवानगीशिवाय फोटो काढू नये आणि मिळालेल्या परवानगीच्या फोटोवरही ठिकाणाची खूण टाकू नये. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांची चोरटी शिकार होते आणि तारा कासवांची तस्करी वर्षभर चालते. कोणता प्राणी कुठे आहे किंवा कुठे सोडला ही माहिती नको त्या हातांत जायला एक छायाचित्र पुरते.

## टप्पा ५: जखमी प्राणी सापडल्यास

अनेकांची केंद्राशी पहिली गाठ अशीच पडते, आणि इथल्या चुका प्राण्याच्या जिवावर बेततात.

पहिली पायरी: मदतीची खरोखर गरज आहे का, हे पाहणे. उन्हाळ्यात बागेत जमिनीवर बसलेले, पिसे फुटलेले बुलबुलाचे किंवा कोकिळेचे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते, आणि भरवणारे पक्षी जवळपासच असतात. कोकिळेच्या बाबतीत ते कावळे असतात. मांजरापासून ते सुरक्षित असेल तर दूर जाऊन पाहत राहावे. इमारतीच्या डक्टमध्ये दिसलेली पांढुरक्या चेहऱ्याची गव्हाणी घुबडाची पिले विचित्र दिसतात म्हणून हलवू नयेत. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडले, तर त्यांना हात न लावता तोड थांबवावी, माणसांना मागे घ्यावे आणि वनविभागाला कळवावे. मादी बहुधा जवळ असते. बछडा सापडला तिथेच रात्री सुरक्षितपणे ठेवला तर ती त्याला घेऊन जाऊ शकते, आणि वनविभाग नेमकी हीच पद्धत वापरतो. बछड्याला मांडीवर घेऊन फोटो काढण्यात गेलेला वेळ ही भेट हुकवू शकतो.

दुसरी पायरी: फोन. रक्तस्राव, लोंबणारा पंख, मांज्याचा विळखा, मांजराने चावलेला पक्षी, शुद्ध हरपलेला प्राणी यांना मदत हवीच. उचलण्यापूर्वी केंद्राला किंवा १९२६ ला फोन करावा, प्राण्याचा दुरून काढलेला फोटो आणि जागेचे लोकेशन पाठवावे. साप, माकड, मुंगूस, वटवाघूळ, उदमांजर, कोल्हा, तरस किंवा बिबट्या यांना स्वतः हात लावू नये. सापासाठी येणारा सर्पमित्र वनविभागाला माहीत असलेला आहे का, हे विचारून घ्यावे. साप हातात खेळवून दाखवणाऱ्याला पुन्हा बोलावू नये.

तिसरी पायरी: पक्षी खोक्यात ठेवणे, तेही फोनवर तसे सांगितले तरच. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड अंथरावे, पक्ष्यावर दुसरे कापड हलकेच टाकून तो पंखांसह दोन्ही हातांनी उचलावा आणि झाकण लावावे. घार किंवा घुबड असेल तर चोचीपेक्षा नखांपासून स्वतःला जपावे. मांजा ओढून काढू नये. पंखाच्या दोन्ही बाजूंना काही इंच दोरा शिल्लक ठेवून तो कापावा आणि रुतलेला भाग पशुवैद्यकासाठी तसाच ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. हळद, मलम, ब्रँडी यांतले काहीही नको. अंधार, शांतता आणि हवा एवढेच पुरेसे आहे. गाडीत गाणी लावू नयेत आणि कसा आहे हे पाहायला झाकण उघडू नये.

चौथी पायरी: ठिकाण आणि वेळ लिहून देणे. "पाषाणला सापडला" एवढे पुरत नाही. तलावाची कोणती बाजू, कोणत्या इमारतीमागे, किती वाजता, हे हवे. अनेक प्राण्यांना बरे झाल्यावर सापडले त्याच परिसरात सोडावे लागते.

इशारा: संरक्षित वन्यप्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ही कळवण्याची मुदत आहे, दोन दिवस घरी ठेवून पाहण्याची सवलत नव्हे. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

## टप्पा ६: पैशांची मदत

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी छोटी रक्कम केंद्राला अधिक आधार देते, कारण औषधे, इंधन, वीज आणि मांसाहारी प्राण्यांचे खाद्य हा खर्च कोणत्याही महिन्यात थांबत नाही. "फक्त बिबट्यासाठी" अशी अट घालू नये. खारींची आणि कावळ्यांची संख्या मोठी असते आणि त्यांच्यासाठी देणारे कमी असतात.

रक्कम संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच भरावी. समाजमाध्यमावर फिरणारा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर व्यक्तीचे नाव आले, तर तिथेच थांबून संस्थेला विचारावे. ८०जी या नावाने ओळखली जाणारी करसवलत हवी असल्यास पॅन क्रमांक द्यावा, पावती व करसवलतीसाठीचे देणगी प्रमाणपत्र मागावे, आणि रोख २,००० रुपयांपेक्षा अधिक दिल्यास ती सवलत मिळत नाही, तसेच नव्या करप्रणालीत ती नसते, हे लक्षात ठेवावे.

परदेशात राहणारी मुले पैसे पाठवू इच्छित असतील तर आधी त्यांचे नागरिकत्व पाहावे. भारतीय पासपोर्ट असलेली व्यक्ती नेहमीच्या बँक मार्गाने देऊ शकते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी ही परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखाली, नोंदणी असलेली संस्थाच ती घेऊ शकते. वडिलांच्या खात्यावरून ती वळवून देणे हा मार्ग संस्थेला अडचणीत आणतो.

हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांनी सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी देताना ४० कर्मचाऱ्यांची केंद्रात एक दिवसाची फेरी ही अट ठेवू नये. तेवढ्या लोकांनी कार्यालयातच चादरी कापणे, खोकी तयार करणे, मांजाविरोधी पत्रके वाटणे अशी कामे केली तर प्राण्यांना त्रास न होता काम होते.

## टप्पा ७: स्वयंसेवक होणे

इथे पोहोचणाऱ्यांनी आधी एवढे जाणून घ्यावे की कामाचा बहुतेक भाग पिंजरे घासणे, भांडी व कपडे धुणे, फळे कापणे, वजने लिहिणे आणि फोन घेणे हा असतो. प्राण्याला हाताळण्याची वेळ प्रशिक्षणानंतर येते आणि काहींवर ती कधीच येत नाही. दर आठवड्याला ठरलेल्या एका दिवशी चार तास देणारा माणूस, उत्साहाने सलग पंधरा दिवस येऊन नाहीसा होणाऱ्यापेक्षा केंद्राला हवा असतो, कारण भरवण्याच्या पाळ्या त्याच्या भरवशावर लावता येतात.

सस्तन प्राण्यांजवळ काम करायचे असेल तर रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आधी घ्यावी. तिचे डोस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असतात, म्हणजे तयारी महिनाभर आधी सुरू करावी लागते. धनुर्वाताची लस चालू आहे का हेही डॉक्टरांना विचारावे. लस घेतलेली असली तरी चावा लपवू नये. लस घेतलेल्यांनाही चाव्यानंतर डोस लागतात.

प्राण्यांजवळ जाण्याची इच्छा नसणाऱ्यांसाठीही भरपूर काम असते. स्वतःची गाडी असलेला आणि रात्री अकरानंतर हडपसरहून बावधनपर्यंत खोके पोहोचवू शकणारा चालक, पिलांच्या पिशव्या शिवणारी व्यक्ती, पिंजऱ्यांच्या जाळ्या दुरुस्त करणारा वेल्डर, हिशेब पाहणारा लेखापाल, मराठीत नोंदी नीट लिहिणारा कोणीही, यांची उणीव कायम असते. अर्जात "प्राण्यांची आवड आहे" असे लिहिण्याऐवजी आपल्याला काय येते आणि कोणत्या वारी, किती वाजता येऊ शकतो हे लिहावे.

सामान्य चूक: वर्षभराने परीक्षा, बदली किंवा घरच्या अडचणींमुळे थांबावे लागले, तर काही न सांगता येणे बंद करणे. शक्य असेल तिथे महिनाभर आधी कळवावे आणि आपल्या पाळीला येणाऱ्या नव्या माणसाला दोन-तीन वेळा सोबत घेऊन काम दाखवावे.